पंधराव्या होलवरची हळहळ

गोल्फ हा खेळ मला कधीच आवडला नाही. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाने शनिवारची अख्खी सकाळ पावसात काठी घेऊन एका गोटीच्या मागे चालण्यात घालवावी आणि घरी येऊन पाय दुखतात म्हणून कण्हावं, यात खेळ कुठला आणि सुख कुठलं हे मला चाळीस वर्षांत कळलं नाही. त्यामुळे त्या ऑगस्टमध्ये मापापेक्षा मोठं निळं जाकीट घालून, ‘शांतता’ असं लिहिलेली पाटी हातात धरून, ग्लासगोपासून तासभर दूर समुद्रकाठच्या वाऱ्यात मी उभी आहे हे माझ्या नवऱ्याने पाहिलं असतं, तर हसून त्याची मुरकुंडी वळली असती. पण तो पाहायला नव्हता. त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तो नव्हता म्हणूनच तर मी तिथे होते.

मला तिथे नेलं ते त्याच्या भिडूने. हा एक उंच, लालबुंद गालांचा स्कॉटिश माणूस, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला. दर शनिवारी हे दोघे क्लबात एकत्र खेळायचे. इतक्या वर्षांत हा माणूस एकदाही आमच्या घरात आला नव्हता. तो ड्राइव्हवेत गाडी उभी करायचा, दोनदा हॉर्न वाजवायचा, आणि माझा नवरा हातातला चहा टाकून बॅग खांद्याला लावून पळायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात हलवायचे, तोही गाडीतून हात हलवायचा. एवढीच आमची ओळख. त्या हॉर्नचा मला मनस्वी राग यायचा. दाराला चांगली बेल आहे, ती या माणसाला दिसत नाही का, असं मी दर शनिवारी म्हणायचे. नवरा गेल्यावर शनिवारी सकाळी कान त्याच हॉर्नकडे लागायचे, याचा राग आणखी वेगळा.

वसंतात त्या भिडूचा फोन आला. बायकांची मोठी व्यावसायिक स्पर्धा आपल्या किनाऱ्यावर होणार आहे, जगभरातून मुली येणार आहेत, मार्शल म्हणून माणसं हवी आहेत. डॉक्टर, तुम्ही याल का? तो मला नेहमी डॉक्टर म्हणतो. माझ्या नवऱ्याचं नाव मात्र क्लबातल्यांनी पहिल्याच वर्षी कापून दोन अक्षरांचं केलं होतं. ‘नाही’ हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. पण त्याच आठवड्यात मुलीशी बोलणं झालं होतं.

मुलगी क्रॉयडनला असते. तिच्या फ्लॅटच्या खाली ट्रॅम थांबते, ऑफिस दोन स्टॉपवर. “आई, तो घर तुझ्यासाठी खूप मोठा आहे,” ती म्हणाली. “सेल कर आणि माझ्याकडे ये ना. स्पेअर रूम आहे, तुझा जीपी डॉक्टर पण मी शोधून ठेवते.” ती इथेच वाढली, त्यामुळे तिच्या मराठीत घर कधी तो असतं, कधी ती. पण पुढचं वाक्य तिने एकही चूक न करता म्हटलं. “तिकडे आपलं कोण आहे आता?”

उन्हाळा संपला की सांगते, असं म्हणून मी फोन ठेवला. इस्टेट एजंट येऊन खोल्या मोजून गेला. त्यानंतर भांडी घासताना, बागेतलं गवत कापणाऱ्याला पैसे देताना, तोच प्रश्न. तिकडे आपलं कोण आहे? आमच्या बरोबरीची मराठी डॉक्टर मंडळी होती. काही मुलांकडे लंडनला नाहीतर अमेरिकेत गेली, काही देवाघरी गेली, जी उरली ती आता हायवेवर गाडी चालवायला घाबरतात. शेजारी ख्रिसमसला केक देतात, मी दिवाळीला चकल्या देते, आणि मधले अकरा महिने आम्ही एकमेकांना हवेबद्दल सांगतो. तक्रार करावी असं कुणीच वागलेलं नाही. सगळे इतके सभ्य आहेत की कधीकधी ओरडावंसं वाटतं.

आणि माझा नवरा? त्याने आयुष्यातले सगळे शनिवार या लोकांना दिले. त्यांचा तो होता कोण? त्यांच्यातला एक, की चांगला वागणारा, वर्गणी वेळेवर भरणारा परका? हे कळलं तर मुलीला काय सांगायचं ते कळेल, असं मला वाटलं. म्हणून मी भिडूला हो म्हटलं.

मी भूलतज्ज्ञ होते. माझी सगळी नोकरी लोकांचे श्वास ऐकण्यात गेली. पेशंट सर्जनला कार्ड पाठवतात, नर्सला चॉकलेट देतात. भूल देणारी बाई कुणाच्याच लक्षात राहत नाही, कारण तिला पाहिल्या पाहिल्या माणूस झोपी जातो. याचं मला कधी वाईट वाटलं नाही, निदान तेव्हा तरी नाही. पण त्यामुळे कान तयार झाले. खोलीत बसलेल्या माणसांच्या मनात काय आहे ते मला त्यांच्या आवाजावरून कळतं. नवऱ्याच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभात हॉस्पिटलच्या हॉलमध्ये टाळ्या वाजल्या त्या माझ्या अजून कानात आहेत. सगळ्यांनी एकदम सुरू केल्या आणि एकदम थांबवल्या. कुणाचीही टाळी दुसऱ्यापेक्षा लांबली नाही. तो मात्र घरी येताना म्हणाला, “किती छान केलं ग सगळं.” मी हो म्हटलं.

त्याची आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती मला कधी उलगडली नव्हती. एका वर्षी तो क्लबच्या स्पर्धेत अंतिम फेरीत पोचला. आठवडाभर त्याने घरात चटईवर कपात चेंडू घालण्याचा सराव करून माझं डोकं उठवलं. त्या दिवशी माझी ऑन-कॉल ड्यूटी होती. मी परतले तेव्हा तो ड्राइव्हवेत गाडी धूत होता आणि शीळ घालत होता. चांगली खणखणीत शीळ, पाण्याच्या पाइपच्या आवाजावरून ऐकू येणारी. मी विचारलं, “जिंकलास?” “छे, हरलो,” तो म्हणाला आणि पुन्हा शीळ घालायला लागला. जेवतानाही त्याचा चेहरा फुललेला. हरून आलेला माणूस इतका खूश का, हे मी दोनदा विचारलं. “सांगता येत नाही ग,” म्हणाला. मी तो विषय सोडून दिला. डोक्याला ऊन लागलं असेल, असं समजले. स्कॉटलंडमध्ये ऊन!

तर गुरुवारी सकाळी भिडूने ड्राइव्हवेत हॉर्न वाजवला आणि या वेळी पळत गेले ती मी. आम्हाला पंधराव्या होलवर नेमलं होतं. होल समुद्राला चिकटून, ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या मागे वाळूचा उंचवटा, त्यावर लोक घडीच्या खुर्च्या घेऊन बसलेले. आमचं काम एवढंच की मुलगी फटका मारायला उभी राहिली की पाटी वर करायची आणि लोकांना गप्प बसवायचं. मार्शलने खेळाडूशी बोलायचं नाही, मध्ये यायचं नाही, आवाज करायचा नाही. हे मला नवीन नव्हतं. ऑपरेशन थिएटरात मी हेच करत होते.

तासाभरात मला टाळ्या कळायला लागल्या. इंग्लंड-स्कॉटलंडची मुलगी आली की लोक ती पोचायच्या आधीच सरसावून बसायचे. फटका चांगला गेला की नावाने हाक, वाईट गेला तरी नावाने हाक. कोरियन मुली आल्या की टाळ्या वाजायच्या, पण त्या निरोपसमारंभातल्या टाळ्या. एकदम सुरू, एकदम बंद. आणि मुली तर काय खेळत होत्या! मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण चेंडू सांगितल्यासारखा झेंड्याजवळ जाऊन थांबतो, एवढं तर दिसतं.

त्यातली एक लक्षात राहिली. उंच, सडपातळ, फिकट गुलाबी टोपी, खालमानेने चालणारी. टाळ्या झाल्या की ती टोपीला हात लावून किंचित वाकायची, शाळेत बक्षीस घेणाऱ्या मुलीसारखी. माझ्या मागे एक जोडपं थर्मास घेऊन बसलं होतं. बाईने विचारलं, “ही कोण?”

“कोरियनांपैकी एक,” नवरा म्हणाला.

“अजून एक? यंत्रासारख्या आहेत बाई या. हसत पण नाहीत.”

माझं डोकं तडकलं. तिला खेळायला बोलावलंय की हसायला? हे मी मराठीत पुटपुटले, कारण मार्शलला इंग्रजीत बोलायची बंदी होती. पुढे स्कोअरबोर्डवर एकच आडनाव तीन ठिकाणी आलं, तेव्हा यातली आत्ता गेली ती कुठली, म्हणून बरेच जण हसले. मी हसले नाही. आमच्या हॉस्पिटलमध्ये माझ्याशिवाय एकच भारतीय बाई डॉक्टर होती, केरळची, माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि चष्मा लावणारी. तिची पत्रं कित्येक वर्षं माझ्या खणात पडत होती आणि माझ्या वाट्याचे आभार तिला मिळत होते.

त्याच दिवशी मी त्या गुलाबी टोपीवालीची आई पाहिली. तिची आईच ती; सांगायला कुणी लागलं नाही. दोरांच्या बाहेरून, लोकांपासून चार हात दूर, हातमोजे, छत्री, डोळ्यांवर मोठी झडप असलेली टोपी. मुलगी चालली की ती चालायची, मुलगी थांबली की ती थांबायची. आणि मुलगी त्या शेवटच्या छोट्या फटक्याला उभी राहिली, ज्याला हे लोक पट म्हणतात, की आई तिच्याकडे पाठ फिरवून समुद्राकडे बघायची. लोकांच्या आवाजावरून काय झालं ते ओळखायची आणि मगच वळायची. माझ्यासारखीच कानांवर चालणारी बाई. वाऱ्याने माझी बोटं निळी पडली होती ती तिने पाहिली. पिशवीतून थंडीत हात शेकायची एक छोटीशी गरम पुडी काढून तिने माझ्या हातात कोंबली आणि चालू लागली. दिवसभर ती पुडी माझ्या खिशात उबदार होती. कित्येक महिन्यांत कुणी माझा हात हातात घेतला नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं. त्यानंतर पाटी धरून उभं राहणं जरा कठीण गेलं.

शुक्रवारी मी डब्यात शंकरपाळे नेले. आईने एक खाल्ला, डोळे मिटून चावला, आणि बाकीचे टिशूमध्ये बांधून पिशवीत ठेवले. मुलीसाठी असणार. आम्हाला एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे बोलणं फार सोपं झालं.

शनिवारपर्यंत मुलगी वर चढत चढत पहिल्या पाचांत आली. थर्मासवाल्या जोडप्याने आता खुर्च्या पुढे ओढल्या होत्या. “ती गुलाबी टोपीवाली कधी येणार?” बाईने मला विचारलं. म्हणजे प्रगती होती. एका छोट्या मुलीने सकाळी तिच्याकडून हातमोज्यावर सही घेतली होती आणि तो मोजा ती सगळ्यांना दाखवत फिरत होती. तरी टाळ्या मात्र त्याच. मी कान देऊन ऐकत होते. एकाची तरी टाळी लांबावी, एकाने तरी भान सोडून ओरडावं, एवढंच मला हवं होतं. त्या मुलीसाठी की आणखी कुणासाठी, ते मला विचारू नका.

दुपारी मध्ये रिकामा वेळ होता तेव्हा मी भिडूला म्हटलं, “हे लोक तिला आपलं मानत नाहीत.”

“डॉक्टर, मार्शलला पक्ष नसतो,” तो हसत म्हणाला.

“मला आहे. आणि एक विचारू? तुमच्या क्लबात माझा नवरा तुमच्यातला होता का? सभ्यपणा नको. खरं सांगा.”

त्याचं हसू गेलं. त्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात पुढच्या तिघी खेळाडू पलीकडच्या टेकाडावरून खाली आल्या आणि आम्हा दोघांना पाट्या वर कराव्या लागल्या. नंतर तो विषय त्यानेही काढला नाही आणि मीही नाही. घरी सोडेपर्यंत गाडीत फक्त वायपरचा आवाज होता. तोंड उघडून बंद केलं, म्हणजे उत्तर मिळालंच, असं मी धरून चालले. रात्री क्रॉयडनला माझ्या मुलीला फोन करून एजंटचा नंबर पुन्हा मागून घ्यायचाही विचार केला, पण केला नाही. अजून एक दिवस होता.

रविवारी ऊन पडलं. खरोखरचं. सगळं गाव लोटलं होतं. मुलगी पंधराव्या होलवर आली तेव्हा ती पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीत होती, हे थर्मासवाल्याने मला तिच्या नावानिशी सांगितलं. नाव त्याने बरोबर उच्चारलं, आडनाव आधी आणि नाव नंतर, त्यांच्या पद्धतीने. बायकोकडून त्याने ते सकाळपासून घोकून घेतलं असावं. तिचा पहिला फटका ग्रीनवर अलगद उतरला, दुसरा झेंड्यापासून चार-पाच फुटांवर थांबला. आता फक्त एक पट. आईने पाठ फिरवली आणि समुद्राकडे तोंड केलं. मी पाटी वर केली. सगळं टेकाड चिडीचूप.

तेवढ्यात माझ्या मागे थर्मासवाली बाई अगदी हलक्या आवाजात, कौतुकाने म्हणाली, “ही आमची वी लासी कधी चुकतच नाही.”

वी लासी म्हणजे इकडच्या बोलीत लहानगी पोर. घरच्या, गल्लीतल्या, ओळखीच्या पोरीला म्हणतात ते. मी चाळीस वर्षं ऐकत आले होते, दुसऱ्यांच्या मुलींबद्दल. माझ्या मुलीला तिच्या शाळेत सगळे फार हुशार म्हणायचे, पण वी लासी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आणि मग जे झालं ते मी केलं असं मी म्हणणार नाही, ते माझ्या हातांनी केलं. लेकराचं कुणी असं तोंडभरून कौतुक केलं की माझी आई लगेच हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची, दृष्ट लागू नये म्हणून. मी डॉक्टर आहे, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण पाटी कधी काखेत गेली, हात कधी त्या मुलीच्या दिशेने ओवाळले गेले, मला कळलं नाही. दहाच्या दहा बोटं माझ्या कानशिलांवर कडाकड मोडली. संधिवाताची बोटं. त्या शांततेत तो आवाज वाळकी फांदी तुटावी तसा गेला.

मुलगी दचकली आणि चेंडूपासून मागे झाली. तिची बॅग वाहणाऱ्या कॅडीने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. शेकडो माणसं माझ्याकडे बघत होती: ‘शांतता’ अशी पाटी काखेत मारून, दोन्ही हात कानशिलांवर ठेवून उभी असलेली एक म्हातारी भारतीय बाई. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. भिडूने न बोलता माझ्या काखेतली पाटी काढून घेतली आणि आपली आणि माझी अशा दोन्ही वर धरल्या.

मुलगी पुन्हा उभी राहिली. पुन्हा मापलं. मारलं. चेंडू होलच्या कडेपर्यंत गेला, कडेवरून अर्धा फिरला, आणि बाहेर थांबला.

आणि तेव्हा तो आवाज आला. टाळी नव्हे. सगळ्या टेकाडाच्या पोटातून एकदम, “ओऽऽह!” कुणी कपाळावर हात मारला, कुणी खुर्चीतून अर्धवट उठलं, थर्मासवाल्याने थर्मास वाळूत टाकला. त्याची बायको ओरडली, “अगं, नाही ग, पोरी!” आवाज एकदम थांबला नाही, इकडून तिकडून कण्हल्यासारखा येतच राहिला. मुलीने वर पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदाच तिने मान वर करून या लोकांकडे सरळ पाहिलं, आणि ती हसली. ओठ थरथरत होते, पण हसली.

आई वळली होती. तिने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात जोडले. मग खुणेने सांगायचा प्रयत्न केला, मुलीकडे बोट, हात ओवाळले, बोटं कानशिलाला. ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. तिला काय कळलं देव जाणे. तिने माझे दोन्ही हात धरून खाली केले, एक गरम पुडी त्यात ठेवली, माझी मूठ मिटली आणि मुलीच्या मागे निघून गेली. मुलगी जिंकली नाही. किती फटक्यांनी मागे राहिली ते मी पाहिलं नाही, आणि पाहणारही नाही.

संध्याकाळी लोक गेले. आम्ही दोघं दोर गुंडाळत होतो. मी भिडूला म्हटलं, “मी तिचं वाटोळं केलं.”

“चार-पाच फुटांचा पट होता, डॉक्टर. चुकतो माणूस.” मग तो दोर हातात धरून थांबला. “काल तुम्ही विचारलंत. मला नीट सांगायचं होतं, म्हणून सुचलं नाही. आज ते ओरडले ना तिच्यासाठी, तसं मी आमच्या क्लबात एकदाच ऐकलंय. तुमचा नवरा अंतिम फेरीत होता तेव्हा. शेवटच्या ग्रीनवर दोन फुटांचा पट राहिला होता. डोळे मिटून गेला असता. आणि तो चुकला. क्लबहाउसच्या दारात सगळे ग्लास घेऊन उभे होते. असे कळवळले सगळे! त्याच्या नावाने. समोरचा आमचा कॅप्टन होता, त्याला जिंकल्याच्या टाळ्याही लोक वाजवायला विसरले. हरलेला हा तिथेच उभा राहून त्या सगळ्यांकडे बघत बसला. किती वेळ. मला वाटलं, बिचारा फार दुखावला.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही नव्हता तिथे?”

“नव्हते,” मी म्हटलं. “पण घरी आल्यावर तो गाडी धूत होता. शीळ घालत.”

“शीळ?”

“अख्खी संध्याकाळ.”

त्याला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या दिवसाची दुपार त्याच्याकडे होती आणि संध्याकाळ माझ्याकडे, आणि आम्ही खिडकीतून हात हलवत बसलो. त्याने तोंड दुसरीकडे वळवलं आणि दोर पुन्हा गुंडाळायला घेतला. आधीच गुंडाळलेला होता.

त्याने मला घरी सोडलं तेव्हा ड्राइव्हवेत पहिल्यांदाच इंजिन बंद केलं. मी म्हटलं, “चहा घेऊन जा.” तो स्टिअरिंगवर हात ठेवून घराकडे बघत राहिला. “पुढच्या शनिवारी,” म्हणाला. “आज नाही जमणार मला.” मी दार लावून आत आले. घर होतं तसंच होतं. खुंटीवर त्याची टोपी, कोपऱ्यात चटई, चटईच्या टोकाला तो कप.

मुलीचा फोन आला. “आई, कशी झाला मॅच?”

“हरली ग पोरगी. थोडक्यात हरली.”

“अरेरे!” ती एकदम म्हणाली.

आणि मी रडायला लागले. तो गेला तेव्हा हॉस्पिटलमध्ये रडले नव्हते. तिथे मी मॉनिटरकडे बघत होते. क्रिमेटोरियममध्ये मी सगळ्यांशी हात मिळवून आलात म्हणून आभार मानले होते. आता रडू थांबेना. “आई? आई, काय झाला? कोण होती ती?” ती विचारत राहिली. मी म्हटलं, “तुला आठवतं का ग, बाबा एकदा फायनल हरून आले आणि शीळ घालत गाडी धुतली?”

“नाही ग,” ती म्हणाली. “केव्हा?”

तिला आठवायचं कारण नव्हतं. लहान होती. मी नाक पुसलं आणि म्हटलं, “एजंटला नको म्हणून कळवते उद्या. मी इथेच राहते.”

“पण आई,” ती हळूच म्हणाली, “तिकडे कोण आहे?”

“कुणी नाही,” मी म्हटलं. “पण तुझे बाबा इथे हरले, तेव्हा लोक हळहळले होते.”

तिच्या खिडकीखालून ट्रॅम गेल्याचा आवाज फोनमधून आला. जेव म्हणाली, मी जेवते म्हटलं. फोन ठेवल्यावर मी चटईपाशी उभी राहिले, ओठांचा चंबू केला आणि शीळ घालून पाहिली. मला शीळ कधीच येत नव्हती. नुसती हवा निघाली.